वीस आठवड्यांची वेस

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावून धडधाकट माणसं डोळ्यांदेखत जात होती. रुग्णाच्या खाटेशी बसून त्यांनी केलेल्या नोंदी पुढे ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकाने छापल्या. पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात त्या नोंदींना उपचाराची जोड मिळाली. 2022 मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. महाडकरांना हा इतिहास तोंडपाठ आहे. त्याच ‘लॅन्सेट’च्या जुन्या अंकांत आणखी एक इतिहास आहे. तोही या दोन तालुक्यांशी, इथल्या लेकीसुनांशी जोडलेला आहे. पण त्याला इथवर पोचायला फार वर्षं लागली, आणि अजूनही तो पुरता पोचलेला नाही.

बिरवाडीत त्या काळी गरोदर बाई तपासायची म्हणजे नर्सबाईंचे दोन हात, पोटाला टेकवून ठोके ऐकायची नळी आणि रक्तदाबाचं यंत्र एवढ्यावरच भागवायचं. बाळाचं डोकं वर आहे की खाली, हे हाताला कळे. त्या डोक्यात मेंदू आहे का, हे कळायला मात्र बाळ जन्मावंच लागे. कवटीचं छत नसलेलं, मेंदू न घडलेलं मूल जन्मलं की काही तासांत, फार तर काही दिवसांत जाई. मग घरात ग्रहण पाळलं नव्हतं का, कुणाची नजर लागली का, असे विषय निघत आणि सगळ्याचा रोख शेवटी सुनेवर येई. तिने नऊ महिने वाहिलेल्या ओझ्याचा हिशेब कुणी विचारत नसे.

ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांचा लेख 7 जून 1958 च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. लोखंडात तडा गेला आहे का, हे ध्वनिलहरी सोडून तपासायचं यंत्र बॉयलर बनवणाऱ्या एका कंपनीकडे होतं. डोनाल्डनी तीच युक्ती माणसाच्या पोटावर वापरून पाहिली. कानाला न ऐकू येणारा आवाज आत जातो, हाडावर, पाण्यावर, मांसावर वेगवेगळा आपटून परत येतो आणि त्या पडसादांतून चित्र उमटतं. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत 46 ऐवजी 47 गुणसूत्रं असतात, एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं, हे सिद्ध केलं. मग 1972 मध्ये लंडनच्या स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी ‘लॅन्सेट’मध्येच लिहिलं, की सतराव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भाला मेंदू घडलेला नाही हे आपण ओळखलं. जन्माआधी, पडद्यावर, एखादं व्यंग इतक्या लवकर ओळखता येतं हे जगाने तेव्हा पाहिलं.

नेमक्या त्याच वर्षी, 1 एप्रिल 1972 ला, भारतात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा अमलात आला. या कायद्याचं मूळ महाराष्ट्रात आहे. 1964 मध्ये केंद्र सरकारने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे आपल्या राज्याचे मंत्री होते. चोरून, गावठी उपायांनी, काड्या घालून होणाऱ्या गर्भपातांत बाया मरत होत्या आणि त्यांना वाचवायचं हा समितीपुढचा प्रश्न होता. डिसेंबर 1966 मध्ये अहवाल आला आणि 1971 मध्ये कायदा झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, बारा ते वीसपर्यंत दोघांचं. वीस आठवड्यांनंतर फक्त आईचा जीव वाचवायचा असेल तरच. मूल जन्माला आलं तर त्याला गंभीर व्यंग असण्याचा मोठा धोका आहे, हे कारण कायद्यात स्पष्ट होतं. पण ते व्यंग कधी दिसेल याचा विचार तेव्हा कोण करणार? यंत्रच इथे आलं नव्हतं. कायदा करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या काळाच्या मानाने तो फार पुढचा कायदा होता. मात्र त्यांनी जिथे वेस घातली, तिथेच पुढे पन्नास वर्षं बायका अडत राहिल्या.

गर्भाची तपासणी भारतात आली ती सोनोग्राफीच्या आधी, सुईवाटे. गर्भाभोवतीचं पाणी काढून त्यातल्या पेशींची गुणसूत्रं मोजायची, ही गर्भजल परीक्षा. 1975 च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये ती सुरू झाली, ती गुणसूत्रांतले दोष शोधण्यासाठी. पण गुणसूत्रं मोजताना एक्स-वायची जोडीही दिसते, आणि आपल्या समाजाने बाकीची चव्वेचाळीस बाजूला सारून त्या एका जोडीकडेच पाहिलं. सरकारी रुग्णालयांत बंदी आली तशी ही तपासणी खासगी दवाखान्यांत गेली. मुंबईत तर तिच्या उघड जाहिराती लागल्या. 1986 मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी राज्य सरकारसाठी मुंबईतल्या पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांतले 42 जण मुलगा की मुलगी हे सांगण्यासाठी ही परीक्षा करत होते.

याविरुद्ध मुंबईत स्त्री चळवळीतल्या आणि आरोग्य चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी मंच उभा केला. विभूती पटेल, मनीषा गुप्ते यांच्यासारख्यांनी तो प्रश्न रस्त्यावर, वर्तमानपत्रांत आणि मंत्रालयात नेला. त्यातून 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये झाला आणि 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला. या केंद्रीय कायद्याचं चौथं कलम काढून वाचावं. गर्भाची तपासणी कोणत्या कारणांसाठी करता येईल याची यादी त्यात आहे, आणि त्या यादीत पहिलं नाव गुणसूत्रांतल्या दोषांचं आहे. म्हणजे कायद्याने दार बंद करताना योग्य कामासाठी खिडकी उघडी ठेवली होती. पुढे मात्र सगळ्यांचं लक्ष दारावरच राहिलं. राहणं भागच होतं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 894 मुली उरल्या होत्या. 2001 मध्ये हा आकडा 913 होता. सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज 2000 साली सर्वोच्च न्यायालयात गेले नसते, तर कायदा कागदावरच राहिला असता.

तेव्हापासून कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात पाऊल टाकलं की भिंतीवरची पाटी आधी दिसते: इथे गर्भलिंग सांगितलं जात नाही, तो गुन्हा आहे. त्यानंतर हातात येतो एफ फॉर्म. नाव, पत्ता, आधीची मुलं किती, त्यांत मुलगे किती, मुली किती, शेवटची पाळी कधी आली, तपासणी कशासाठी. खाली बाईची सही किंवा अंगठा, की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. त्याखाली डॉक्टरचं तसंच प्रतिज्ञापत्र. फॉर्ममधला रकाना रिकामा राहिला तरी डॉक्टरवर कारवाई होऊ शकते. हा कठोरपणा गैर आहे असं म्हणत डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2019 मध्ये तिची याचिका फेटाळली. निकाल योग्यच होता असं माझं मत आहे. कारण या गुन्ह्याचा साक्षीदार पोटातून बाहेरच येत नाही, उरतो तो फक्त कागद.

तरीही या बंदोबस्ताची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. 2012 च्या नियमांनुसार सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनच केंद्रांवर काम करता येतं. उचलून नेता येणारं यंत्र नोंदणी झालेल्या जागेबाहेर वापरता येत नाही, अपवाद फिरत्या आरोग्य पथकाचा. पुण्याला, ठाण्याला याने फारसं बिघडत नाही. रायगड जिल्हा कसा पसरला आहे ते पाहा. एक टोक मुंबईच्या खाडीला, दुसरं आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. जिल्ह्याचं ठाणं अलिबाग, तेही समुद्रकाठी. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरची बाई आधी पायवाटेने किंवा वडापने खाली उतरते, पोलादपूर गाठते, तिथून सतरा-अठरा किलोमीटरवर महाड. पुढचं काही सांगितलं तर अलिबाग, नाहीतर जवळपास दोनशे किलोमीटरवरची मुंबई. यंत्राने तिच्याकडे जायचं नाही असं ठरलं, तेव्हा तिनेच यंत्राकडे जायचं हेही आपोआप ठरलं.

आता यंत्राला काय दिसतं ते जवळून पाहू, कारण सगळा वाद आठवड्यांचा आहे.

पाळी चुकल्यावर लोक धरतात तो हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो. त्या हिशेबाने सहाव्या आठवड्याच्या आसपास मेंदू आणि मणक्याची नळी मिटलेली असते. बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेल्याची खात्रीही नसते. ही नळी वरच्या टोकाला उघडी राहिली तर मेंदू घडत नाही, खालच्या टोकाला राहिली तर मणका दुभंगतो. अकरा ते चौदा आठवड्यांच्या मधे गर्भ डोक्यापासून ढुंगणापर्यंत साडेचार ते साडेआठ सेंटीमीटर असतो. या वेळच्या तपासणीला दवाखान्यात एनटी स्कॅन म्हणतात. मानेमागच्या त्वचेखाली पाण्याचा एक पातळ थर असतो, तो मोजायचा. मोजमाप मिलिमीटरच्या दशांशात. 1992 मध्ये लंडनच्या कायप्रोस निकोलायडीस यांनी दाखवलं, की हा थर जाड असला तर गुणसूत्रांत दोष असण्याची शक्यता वाढते. साडेतीन मिलिमीटरच्या वर गेला तर डॉक्टर थांबून बोलतात.

त्याच पडद्यावर, थोडं वर, डोकं. कवटीचं हाड पांढऱ्या कमानीसारखं दिसायला हवं. ती कमान नसेल तर मेंदू पाण्यात उघडा तरंगत असतो, आणि पुढच्या आठवड्यांत झिजून जातो. कमानीच्या आत, मधोमध एक सरळ रेघ, आणि तिच्या दोन्ही अंगांना मेंदूतलं पाणी तयार करणाऱ्या जाळ्यांचे दोन फुगीर पांढरे पट्टे. डॉक्टर याला फुलपाखरू म्हणतात. पंख दोन दिसले तर मेंदू उजव्या-डाव्या भागांत नीट विभागला गेला आहे. रेघ नाही, पंख जुळलेले आहेत, असं दिसलं तर मेंदू विभागलाच गेला नाही, आणि अशा गर्भांपैकी बऱ्याच गर्भांत तेरावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. म्हणजे मेंदूचं चित्र आणि गुणसूत्रांचा हिशेब इथे एकमेकांना भेटतात. पडद्यावर गुणसूत्र दिसत नाही, त्याच्या चुकीची खूण दिसते.

खूण म्हणजे निदान नव्हे, आणि ही गोष्ट घरच्यांना समजावून सांगायला डॉक्टरांनी वेळ द्यायलाच हवा. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत त्याच जाळ्यांत कधी पाण्याचे बारीक फोड दिसतात. बाकी सगळं नीट असेल तर ते पुढे विरून जातात, बाळाला काही होत नाही. पण ‘मेंदूत गाठ’ एवढे दोन शब्द कानावर पडले की घरात चूल पेटत नाही. एनटी आणि रक्ताची डबल मार्कर चाचणी मिळून डाऊन सिंड्रोमची दहापैकी नऊ प्रकरणं संशयाच्या यादीत येतात, आणि त्या यादीत निरोगी बाळंही पुष्कळ असतात. खात्री करायची तर वारेचा तुकडा किंवा गर्भजल काढावं लागतं. गर्भजल पंधराव्या आठवड्यानंतर. पेशी वाढवून गुणसूत्रं मोजायला दोन-तीन आठवडे. पाचव्या महिन्याची मोठी सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांना. बेरीज करून पाहिली की 1971 ची वेस कुठे लागते ते कळतं. शंका आली तोवर एकोणीस, खात्री झाली तोवर एकवीस.

हे पहिल्यांदा सगळ्या देशाला कळलं ते 2008 च्या पावसाळ्यात. भाईंदरच्या एका गर्भवतीच्या पोटातल्या बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचं चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास दिसलं. ती, तिचा नवरा आणि तिचे डॉक्टर निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिचं नाव तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत छापलं गेलं. इथे ते पुन्हा छापायची गरज नाही. न्यायालयाने जे. जे. रुग्णालयातल्या तज्ज्ञांचं मत मागवलं आणि 4 ऑगस्ट 2008 ला न्या. खांडेपारकर आणि न्या. अमजद सय्यद यांनी परवानगी नाकारली. कायद्यात नाही ते न्यायालय देऊ शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. काही दिवसांत तिचा गर्भ आपोआप पडला. डॉ. दातार मात्र थांबले नाहीत. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पुढची कित्येक वर्षं अशा बायकांना कोर्टाची वाट दाखवत राहिले. एका डॉक्टरने रुग्णाबरोबर स्वतः अर्जदार म्हणून उभं राहणं ही लहान गोष्ट नव्हती, आणि तिचं मोल अजून पुरतं केलं गेलेलं नाही.

मग आली 2016-17 ची वर्षं. 25 जुलै 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका तरुणीला चोविसाव्या आठवड्यात गर्भपाताची परवानगी दिली. गर्भाला मेंदू घडलेला नव्हता, पोटातली आतडी बाहेर होती, आणि केईएम रुग्णालयाच्या मंडळाने आईला धोका असल्याचं सांगितलं होतं. आठवड्याभराने, 2 ऑगस्टच्या रात्री, महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात कोसळला. मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या त्यात गेल्या. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मात्र दिल्लीचा निकाल वाचताना इथल्या माणसाच्या मनात येतं, की केईएमच्या मंडळापुढे उभं राहायचं तर पोलादपूरच्या बाईला आधी हाच रस्ता, हीच नदी ओलांडायची आहे.

16 जानेवारी 2017 ला न्या. शरद बोबडे आणि न्या. नागेश्वर राव यांच्या खंडपीठाने बावीस वर्षांच्या आणखी एका तरुणीला परवानगी दिली. चोवीस आठवडे, पुन्हा न घडलेला मेंदू. सहा आठवड्यांनी, 28 फेब्रुवारीला, त्याच खंडपीठापुढे महाराष्ट्रातली 37 वर्षांची बाई आली. सव्वीस आठवडे, बाळाला डाऊन सिंड्रोम. परवानगी नाकारली गेली. मंडळाचं म्हणणं होतं, की आईच्या जिवाला धोका नाही, बाळ जन्मून जगू शकतं. मार्चमध्ये सत्तावीस आठवड्यांच्या एका गर्भात मेंदूत पाणी साचलं होतं, मेंदूचा मागचा भाग मानेत उतरला होता. तिथेही नकार. ऑगस्टमध्ये पुन्हा न घडलेला मेंदू, आणि परवानगी.

हे निकाल एका ओळीत ठेवून वाचले की न्यायाधीशांची घालमेल दिसते. जो गर्भ जगूच शकत नाही त्याच्याबद्दल कुणाच्या मनात फारशी शंका नाही. डाऊन सिंड्रोमची गोष्ट निराळी आहे, आणि ती निराळी ठेवली पाहिजे. ही मुलं आपल्या गल्लीत वाढतात, शाळेत जातात, घरात लळा लावतात. त्यांचं आयुष्य कमी मोलाचं आहे असं म्हणायचा कुणालाही अधिकार नाही. त्याचबरोबर, त्या मुलाला आपल्यामागे कोण पाहील हा आईबापांचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर न्यायालयाकडे नसतं. सव्विसाव्या आठवड्यात, कोर्टाच्या आवारात, वकिलाच्या मार्फत असा निर्णय घ्यावा लागणं ही खरी क्रूरता. तोच प्रश्न बाराव्या-तेराव्या आठवड्यात समोर आला असता तर नवराबायकोने आपल्या घरात, आपल्या डॉक्टरांशी बोलून, आपल्या पद्धतीने तो सोडवला असता. कुणी बाळ ठेवलं असतं, कुणी नसतं.

3 एप्रिल 2019 ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. महेश सोनक यांनी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली. आईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर वीस आठवड्यांनंतरही डॉक्टरांनी कोर्टाची वाट पाहायची गरज नाही. संसदेत दुरुस्ती विधेयक मार्च 2020 मध्ये लोकसभेत आणि 16 मार्च 2021 ला राज्यसभेत मंजूर झालं. 25 मार्चला राष्ट्रपतींची सही झाली. ठराविक परिस्थितीतल्या बायकांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर गेली. गर्भात मोठं व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर मर्यादाच नाही. पण कायदा लागू व्हायला 24 सप्टेंबर उजाडला.

त्या मधल्या महिन्यांत, 22 जुलै 2021 ला, महाडवर आभाळ फाटलं. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तळमजले बुडाले. तळीये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे, साखर सुतारवाडी इथेही दरडींनी माणसं नेली. त्या आठवड्यात या दोन तालुक्यांत कितीतरी बाया गरोदर असणारच. कुणाची तारीख त्या दिवसाची असेल, कुणाचा एनटी स्कॅन त्या आठवड्यात बसत असेल. रस्ते मोकळे झाल्यावर ती बाई चौदा आठवडे ओलांडून गेलेली, आणि ती खिडकी एकदा मिटली की पुन्हा उघडत नाही. मानेमागचा थर त्यानंतर मोजून उपयोग नसतो.

इथल्या वर्षाचं गणित मुळातच असं आहे. पावसाळ्यात घाट आणि वाड्या तुटतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर बाहेर जातात, ती मृगाच्या तोंडावर परततात. नवरा मुंबईला, बाई गावी, किंवा बाळंतपणाला माहेरी. आशाताई बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवायला जिवाचा आटापिटा करतात. पण नोंद लवकर होऊन पुढे काय? दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत होणारं मातृत्व अभियान 2016 मध्ये सुरू झालं. ते फार उपयोगी आहे, पण मुळात चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी आखलेलं आहे. कवटीची कमान आणि फुलपाखरू पाहायचे आठवडे त्याच्या आधीच सरतात.

उपायातला पहिला भाग तर यंत्राशिवायचा आहे. 1991 मध्ये, पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. एकदा असं मूल झालेल्या बायकांना दिवस जाण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिलं तर पुन्हा तसं होण्याचा धोका 72 टक्क्यांनी कमी होतो. गोळी काही पैशांची. अट एवढीच, की ती पाळी चुकायच्या आधी सुरू झाली पाहिजे. नाव नोंदवल्यावर मिळणारी गोळी रक्त वाढवायला चांगली, पण मेंदूच्या नळीसाठी तोवर उशीर झालेला असतो. लग्नाच्या हंगामात, दुसऱ्या बाळाचा विचार करणाऱ्या घरांत, ही गोळी आशाताईंच्या पिशवीतून पोचवता येईल. महाडला आठवड्यातून एक दिवस एनटी स्कॅनचं शिक्षण घेतलेला डॉक्टर सरकारी खर्चाने बसवणं, हे दुसरं काम. दोन केंद्रांचा नियम त्याने मोडत नाही. गुणसूत्रांच्या तपासणीला रक्त आणि गर्भजल मुंबईला गेलं तर चालेल. बाईच तिथे जायला हवी असं नाही.

एवढं सगळं झालं तरी मेंदूचं स्वतःचं एक वेळापत्रक आहे, ते कुणाला बदलता येत नाही. दोन अर्ध्यांना जोडणारा पूल अठरा-वीस आठवड्यांशिवाय नीट दिसत नाही. मेंदूच्या पृष्ठावरच्या वळ्या तर त्याच्याही नंतर पडू लागतात. त्या पडल्याच नाहीत, मेंदू गुळगुळीत राहिला, हे बाराव्या आठवड्यात जगातल्या कुठल्याही यंत्राला सांगता येणार नाही. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे अशीच एक बाई आली. बाळाचं डोकं लहान, मेंदू गुळगुळीत, हे एकोणतिसाव्या आठवड्यात दिसलं होतं. कोर्टापर्यंत पोचेतो बत्तीस ओलांडून गेले. व्यंग मोठं आहे हे वैद्यकीय मंडळाने मान्य केलं, पण गर्भ फार वाढला म्हणून नकार दिला. न्या. गौतम पटेल आणि न्या. डिगे यांनी तो नकार बाजूला ठेवला. व्यंग मोठं ठरलं की आठवडे मोजायचे नाहीत असं कायदा सांगतो, आणि निवड करायची ती त्या बाईने, मंडळाने नव्हे, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं.

ऑक्टोबर 2021 च्या नियमांनुसार मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं, आणि परवानगी असेल तर पाच दिवसांत सगळं पार पाडायचं. पोलादपूरच्या डोंगरातून आलेली बाई, तिच्यासोबतची सासू किंवा नवरा, त्यांनी ते पाच दिवस कुठे राहायचं, काय खायचं आणि परतीचं भाडं कुणी द्यायचं, याबद्दल त्या नियमांत एक ओळही नाही.